कालचं बाळ, आजचं बाळ

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. कुठे पाचवी, कुठे सहावी. पाटावर कोरा कागद, लेखणी, पाटा-वरवंट्याची पूजा, तेवता दिवा आणि घरातल्या बायका रात्रभर जाग्या. लिखाण कुणी पाहिलं नाही, पण जागरण खरं होतं आणि त्याची वेळही चुकलेली नव्हती. नाळ कापताना धनुर्वाताचे जंतू आत शिरले, तर त्याची लक्षणं साधारण पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसू लागतात. कालपर्यंत अंगावर नीट पिणाऱ्या बाळाचा जबडा आवळतो, ओढणं थांबतं, मग झटके येतात. रक्तात जंतू भिनण्याचा धोकाही याच दिवसांत मोठा. ज्या रात्रींना बाळं जात, त्याच रात्री घर जागं राहत होतं. सटवाईची भलामण करायची म्हणून हे सांगत नाही. तिने एका हाताने जागं ठेवलं आणि दुसऱ्या हाताने ‘लिहिलेलंच होतं’ म्हणून डोळे मिटायला शिकवलं. भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं, ते लसीमुळे, स्वच्छ पात्यामुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे. पण त्या जागरणातला प्रश्न शिल्लक आहे. बाळाकडे पाहायचं कुणी, कसं आणि किती वेळा?

मोठा माणूस सांगतो, इथे दुखतंय, परवापासून दुखतंय. बाळाची भाषा इनमिन चार शब्दांची: पिणं सोडणं, गळून जाणं, थंड पडणं, रडण्याचा सूर बदलणं. मेंदूज्वर असो, रक्तातली साखर उतरलेली असो की हृदयात जन्मजात दोष असो, बाळ बहुधा याच चार शब्दांत सांगतं. एकदाच पाहणाऱ्याला त्यातून फारसं काही उमगत नाही. काल ते कसं होतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच आजचं कळतं. गेल्या सत्तर वर्षांत या पाहण्यासाठी गुणपत्रिका, तक्ते, फिती आणि यंत्रं यांचा मोठा बाजार भरला. माझ्या मते त्यातलं जे खरोखर टिकलं, ते बहुतेक सगळं दोनदा पाहायला लावणारं आहे. आणि आपली व्यवस्था जिथे फसते, तिथे ती दुसऱ्यांदा पाहायला गेलेली नसते.

पहिली गुणपत्रिका जन्मानंतर साठाव्या सेकंदाला. व्हर्जिनिया अपगार या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञ. प्रसूतिगृहात तेव्हा सगळ्यांचे डोळे आईकडे असत. निळसर, न रडणारं बाळ ‘याचं काही खरं नाही’ म्हणून बाजूला ठेवलं जाई. अपगार यांनी १९५२ मध्ये पाच खुणा मांडल्या: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. पद्धत इतकी साधी, की पुढच्याच वर्षी ती छापून आली आणि जगभर पसरली. तिची खरी करामत गुणांत नव्हतीच. कुणीतरी घड्याळ लावून बाळाकडेच पाहिलं पाहिजे, ही सक्ती तिने केली. पुढे पाचव्या मिनिटाचा दुसरा आकडा जोडला गेला आणि पद्धतीला जीव आला. चारवरून नऊवर गेलेलं बाळ आणि चारवरच अडलेलं बाळ यांच्या कहाण्या वेगळ्या. हा आकडा बुद्धीचा नाही, पुढच्या आयुष्याचा तर मुळीच नाही. तरी डिस्चार्ज कार्डावर सात दिसला म्हणून काळजीने झुरणारे आईबाप भेटतात. रंगाचा गुण तर गोऱ्या कातडीवर बेतलेला. सावळ्या बाळाच्या बाबतीत जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहावी लागते. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ पाच वर्षांच्या मुलाची फाइल उघडतानाही आधी विचारतात, ‘जन्मल्याबरोबर रडलं होतं का?’ अपगारबाईंच्या पाच खुणांचं ते मराठी भाषांतर म्हणायला हरकत नाही.

मग वजन. अडीच किलोची रेघ सगळ्यांना पाठ असते. ती फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्व्हो युलपो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुचवलेली. रेघ सोयीची आहे, पण ती दोन वेगळ्या बाळांना एकाच रांगेत बसवते. दोन किलोचं एक बाळ चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं असतं, म्हणजे त्याच्या वयाला ठीकच. दुसरं एकोणचाळिसाव्या आठवड्यात दोन किलो भरतं, म्हणजे पोटातच उपाशी राहिलेलं. पहिल्याला श्वासाची आणि थंडीची भीती, दुसऱ्याला साखर उतरण्याची आणि पुढे वाढ खुंटण्याची. म्हणून वजनाइतकेच आठवडे महत्त्वाचे. पाळीची तारीख नक्की नसेल आणि सुरुवातीची सोनोग्राफीही झालेली नसेल, तर बाळाचं अंगच वाचावं लागतं: तळपायावरच्या रेषा, कानाची कूर्चा, कोपर छातीवरून पलीकडे किती सहज जातं. बॅलर्ड गुणांची ही पद्धत १९७९ पासून वापरात आहे. आणि सातव्या महिन्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही, ही घरोघरची समजूत साफ खोटी. दिवस भरेपर्यंत पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याभोवतीच्या खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर नवल नाही. पण नीट मोजल्यावर दिसलं, की आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. बारीक दिसणारं बाळ आतून चरबी धरून होतं. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचा धागा इथवर मागे जातो. गुटगुटीत बाळाच्या आपल्या वेडाला हा चांगलाच टोला आहे. ‘सुदृढ बालक’ स्पर्धांत बक्षीस घेणाऱ्या बाळाचे गाल पाहून परीक्षक खूश होत. जन्मतः लहान बाळाला पहिल्या दोन-तीन वर्षांत दाबून भरवलं तर आपण नेमकं काय वाढवतो, हा प्रश्न त्या मांडवात कुणाला पडत नसे.

गडचिरोलीकडे वळतो, कारण या विषयातला सगळ्यांत मोठा धडा तिथे गिरवला गेला आणि तो मराठीत गिरवला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून तिथे काम करते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ३९ गावांत घरोघर जाऊन प्रत्येक नवजात बाळ पाहायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी जे दिसलं ते हादरवणारं होतं. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या अठ्ठावीस दिवसांत उपचारांची गरज पडली आणि उपचार मिळाले शंभरातल्या जेमतेम तिघांना, नेमकं सांगायचं तर २.६ टक्क्यांना. बाकीची आजारी आहेत हेच कुणाला दिसलं नव्हतं. बाळंतीण खोलीत, बाळ कपड्यात गुंडाळलेलं, आणि सव्वा महिना बाहेरच्याने तिकडे फिरकायचं नाही.

यावर बंगांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बाईला, आरोग्यदूताला, हे पाहणं शिकवलं. हाती दिलेल्या वस्तू साध्या: वजनाचा झोळीकाटा, थर्मामीटर, घड्याळ. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात त्यांनी श्वास मोजण्याची एक युक्ती काढली होती, मला ती फार आवडते. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याबरोबर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मणी सहावर गेले, म्हणजे मिनिटाला साठ श्वास, की धोका. बाईला साठपर्यंत मोजता येत नाही म्हणून तिला निकामी ठरवायचं, की मोजण्याचीच रीत बदलायची? पुष्कळ सरकारी योजना पहिला रस्ता घेतात.

आरोग्यदूतांनी जंतुसंसर्ग ओळखायचा तो मोजक्या खुणांवरून. त्यातल्या काहींची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. नुसतं ‘रडणं मंद’ असं तिथे नाही. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंद झालं किंवा थांबलं, असं आहे. आधी सावध असलेलं बाळ सुस्त झालं. खूण म्हणून बदलच धरला आहे. जोडीला अंग गार किंवा तापलेलं, बेंबीत किंवा कातडीवर पू, पोट फुगणं किंवा उलट्या, कण्हणं, छाती आत ओढली जाणं. यातल्या दोन खुणा एका वेळी दिसल्या की संसर्ग समजायचा आणि दवाखान्यात न्यायचं. घरच्यांनी नकार दिला तर आरोग्यदूतानेच प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. गावातली बाई सुई टोचणार म्हटल्यावर वैद्यकीय जगात भुवया उंचावल्या. आकडे मात्र बोलले. या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, ती तिसऱ्या वर्षी २५ वर आली. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत आकडा साठाच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

त्याच धर्तीवर देशभर २०११ पासून आशाताई घरी येऊ लागली. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. म्हणजे बारशाला पाहुणे जमण्याआधी ती दोनदा येऊन गेलेली असते. कागदावर ही रचना उत्तम. प्रत्यक्षात काही ठिकाणी एकाच दिवशी सहा भेटींच्या चौकोनांत बरोबरच्या खुणा होतात, कारण सगळ्या भेटींचे मिळून पैसे अडीचशे रुपये, आणि त्याच आठवड्यात तिला कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, आभा कार्ड आणि साहेबांची बैठकही उरकायची असते. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणीत हजारी ११ होता, देशाचा २०. तो उतरण्यात या बायकांच्या पायपिटीचा वाटा आहे. आकडा खाली आला की पायपिटीची किंमतही खाली येते, ही आपली जुनी खोड.

एक फट बराच काळ कुणाच्या लक्षात आली नव्हती. आशाची भेट बेचाळिसाव्या दिवशी संपायची. दंडाचा घेर मोजण्याची रंगीत फीत, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, सुरू व्हायची सहाव्या महिन्यापासून. मधले साडेचार महिने बाळ फक्त लस टोचताना दिसे. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला. तिथे रांग मोठी, सुई महत्त्वाची, बाळाचं बाकी अंग कपड्यातच. आईचं दूध कमी पडतंय, बाळ वरच्या पाण्यावर आहे, हे सगळं या महिन्यांत घडतं. २०१८ पासून तिसऱ्या महिन्याची भेट जोडली गेली, मग सहा, नऊ, बारा आणि पंधरा. फट बुजली नाही, अरुंद झाली.

आता वाढीचा तक्ता. डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश डॉक्टरने नायजेरियातल्या एका खेड्यात काम करताना वजनाचा आलेख आईच्याच हाती ठेवण्याची कल्पना रुजवली. अंगणवाडीतली हिरवी-पिवळी-लाल पट्टी ही त्याच कुळातली. आज आपण वापरतो ती मानकं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, आईच्या दुधावर वाढलेली, बऱ्या परिस्थितीतली बाळं मोजून ती तयार झाली. भारतातली दक्षिण दिल्लीची होती. मुलं कशी वाढतात यापेक्षा ती कशी वाढायला हवीत, हे त्यांना मांडायचं होतं. सहाही देशांतली बाळं जवळपास सारखी वाढली. ‘आपल्याकडची मुलं लहानखुरीच असतात’ या समजुतीला त्यामुळे मोठा तडा गेला. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये या मानकांवर आक्षेप घेतला: भारतीय मुलांना ही पट्टी लावली की कुपोषण फुगवून दिसतं. पोषणतज्ज्ञांनी त्यांना उलट उत्तरं दिली. वाद राष्ट्रांच्या क्रमवारीपुरता खरा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड निघाली, आणि त्याआधीच्या सर्वेक्षणातले आकडेही जवळपास हेच होते. हे चित्र पट्टी थोडी हलवून पुसलं जाणार नाही.

पण अंगणवाडीतल्या एका बाळापुढे हा सगळा वाद थिटा पडतो. तिथे पाहायचं असतं ते एवढंच, की रेघ चढते आहे की आडवी झाली. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. त्यात घाबरण्यासारखं नसतं. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. पुढचे तीन महिने रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅम. पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट, वर्षाला तिप्पट. एखादं बाळ हिरव्या पट्ट्यात आहे पण दोन महिने एकाच वजनावर अडलंय, आणि दुसरं पिवळ्यात आहे पण आपली रेघ धरून चढतंय. मला काळजी पहिल्याची वाटेल. अंगणवाडीच्या अहवालाला मात्र फक्त दुसरं दिसतं, कारण अहवाल रंगाने भरायचा असतो. ‘सॅम किती, मॅम किती’, म्हणजे तीव्र कुपोषित किती आणि मध्यम किती, असा प्रश्न वरून येतो; ‘किती रेघा आडव्या झाल्या’ असा येत नाही. हिरव्यातून घसरायला लागलेलं बाळ लाल होईपर्यंत आपण थांबतो.

मोजण्याची हातचलाखी वेगळीच. स्वेटर-टोपीसकट झोळीत टाकलेलं, रडून लाथा झाडणारं बाळ, हेलकावणारा काटा. त्याहून कठीण लांबी. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं असतं आणि त्याला दोघं लागतात: एक डोकं धरायला, एक गुडघे दाबून पाय सरळ करायला. मदतनीस रजेवर असेल तर सेविका एकटी काय करणार? मागच्या महिन्याच्या आकड्यात अर्धा सेंटिमीटर मिळवणार. डोक्याचा घेर तर बहुतेकदा कुणी मोजतच नाही, आणि मेंदूच्या वाढीचा तो सगळ्यांत स्वस्त पुरावा. जन्मतः चौतीसच्या आसपास, वर्षाला पंचेचाळीस-शेहेचाळीस सेंटिमीटर. आजीचा हात मात्र टाळूवर रोज फिरतो. जुलाबात टाळू खचली हे तिलाच आधी कळतं. तेलाने टाळू भरून येत नाही, हे तिला सांगावं. पण टाळूवरचा हात काढू नये.

वाढीपेक्षा विकासाचं मोजमाप निसरडं. वजन काट्यावर दिसतं; मान धरली, हसलं, वळलं, हाक ओळखली, हे पाहायला वेळ लागतो आणि तपासणीच्या टेबलावर बाळ नेमकं झोपलेलं असतं. अमेरिकेत आर्नल्ड गेसेल आणि पुढे नॅन्सी बेली यांनी या गोष्टींची मापं बसवली. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इथल्या बाळांवर ती पारखून घेतली आणि ‘डासी’ या नावाने ओळखली जाणारी भारतीय मापनश्रेणी घडवली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ पायऱ्या. बाळाला खुळखुळा, ठोकळे, कप देऊन पाहत बसायचं. काम जिकिरीचं, तासभराचं, शिकलेल्या माणसाचं. म्हणून तिरुवनंतपुरमच्या डॉ. एम. के. सी. नायर यांनी त्यातल्या सतरा पायऱ्या निवडून एका पानाचा तक्ता केला. पट्टी वयावर उभी धरायची. डावीकडे राहिलेली एखादी गोष्ट बाळाला येत नसेल तर पुढे पाठवायचं. गाळणी म्हणून झकास. निदान म्हणून वापरली तर घात.

इथे आईबापांच्या मनातला एक काटा काढायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागली ती ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही. शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. म्हणजे शेजारचा दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपल्या बाळाला धारेवर धरायचं कारण नाही. उलट बाजूही तितकीच खरी. ‘बापावर गेलंय, तोही उशिराच बोलला’, ‘मुलगे उशिरा बोलतात’ या वाक्यांनी कितीतरी मुलांचे अनमोल महिने घालवले आहेत. वर्षाच्या आतलं बाळ सतत एकच हात पुढे करत असेल, तर घरात कौतुक होतं, ‘डावखुरा होणार!’ इतक्या लवकर हात निवडणं हे बऱ्याचदा दुसऱ्या हातात जोर नसल्याचं लक्षण असतं. आणि येत असलेली गोष्ट हरवणं, बडबडणारं बाळ गप्प होणं, नजर देणारं नजर चुकवू लागणं, याला कुठल्याही वयात, कुठल्याही घराण्यात ‘थांबू, बघू’ हे उत्तर नाही.

कमी दिवसांच्या बाळाचं वय मोजताना अपुरे आठवडे वजा करायचे, दोन वर्षांपर्यंत. दोन महिने आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ चार महिन्यांचंच समजायचं. हे साधं गणित माहीत नसल्याने कितीतरी घरांत उगाच रडारड होते. अशा बाळांचं पुढे काय होतं, याचा भारतातला फार मोलाचा अभ्यास पुन्हा पुण्याच्या केईएममधलाच. डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेली, दोन किलोखालची बाळं अठराव्या वर्षापर्यंत पाहिली. बहुतेकांची बुद्धी सामान्य मर्यादेत राहिली, पण बरोबरच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी; ज्यांचा जन्म लवकर झाला आणि जी आठवड्यांच्या मानानेही लहान होती, ती सर्वांत मागे. यातल्या निष्कर्षाइतकंच मला चिकाटीचं अप्रूप वाटतं. पत्ते बदललेली, शाळा बदललेली मुलं अठरा वर्षं शोधत राहणं हे कुठल्याही यंत्राला जमलेलं नाही.

ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये हाइन्झ प्रेख्टल यांनी तर बाळाला हातही न लावता पाहायला शिकवलं. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळ उताणं पडून मनगटं, घोटे, मान यांची बारीक, अखंड चाळवाचाळव करतं. ती नसेल तर पुढे मेंदूचा पक्षाघात होण्याची शक्यता मोठी. पाळण्याशेजारी तीन मिनिटं शांत बसून दिसणारी ही गोष्ट. मोबाइलवर रोज पन्नास फोटो काढणाऱ्या घरांतही तीन मिनिटांचं चित्रण क्वचितच असतं, आणि असलं तर त्यात कुणीतरी खुळखुळा वाजवत असतं.

काही गोष्टी मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी यंत्र हवं आणि तेही वेळेत. ऐकू न येणारं बाळ सहा महिन्यांपर्यंत इतर बाळांसारखेच हुंकार देतं, म्हणून घरी संशय येत नाही. पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र किंवा उपचार, हा क्रम जगभर मानला जातो. ताट वाजवून पाहणं ही चाचणी नव्हे. बाळ कंपनाला आणि सावलीलाही दचकतं. दोन किलोखालच्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तज्ज्ञाने पाहायला हवा. उशीर झाला तर आंधळेपण कायमचं. काचेच्या पेटीतून सुखरूप बाहेर आलेलं बाळ या एका तारखेच्या चुकीने दृष्टी गमावतं. हृदयासाठी उजव्या हाताचा आणि पायाचा प्राणवायू मोजायचा: पंचाण्णवच्या खाली किंवा दोन्हींत तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर शंका. टाचेतला रक्ताचा थेंब थायरॉइडसाठी. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला हा जन्मजात दोष असतो. पहिल्या काही आठवड्यांत स्वस्तातली गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं, नाहीतर मतिमंदत्व. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात आजही ती बरीचशी दवाखान्यावर आणि आईबापांच्या खिशावर अवलंबून आहे, आणि याचं कारण मला पटेल असं कुणी दिलेलं नाही.

कावीळ मात्र डोळ्यांची आणि यंत्राची मधली गोष्ट. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ च्या उन्हाळ्यात कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षातल्या सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, की बाळाचा जो भाग चादरीखाली होता तेवढाच पिवळा उरलाय. तिथून आजचा निळा दिवा आला. शोध लावला तो रोज तीच बाळं पाहणाऱ्या नर्सने. पण म्हणून कोवळ्या उन्हावर विसंबू नये. पहिल्या चोवीस तासांतली कावीळ किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ उन्हाने जात नाही, आणि सावळ्या अंगावर ती नजरेला फसवते. कातडी दाबून, दिवसाच्या उजेडात पाहायची आणि शंका आली की रक्त तपासायचं.

गाळणीत सापडलेल्या बाळाचं पुढे काय, हा प्रश्न सगळ्यांत अवघड. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधायचे आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. चिठ्ठी मिळते. मग आठवड्यातून दोनदा, सहा महिने, व्यायामोपचारासाठी तालुक्याच्या टोकाच्या पाड्यावरून जिल्ह्याला यायचं: दोन एसटी, एक बुडालेली मजुरी, घरी दुसरं मूल. तिसऱ्या वेळेनंतर आई येत नाही आणि फाइलवर ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाने चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. ते वाचून शहरात शहारा येतो, यावा. पण त्या आईने पोट फुगल्याचं वेळेत ओळखलेलं असतं. गडचिरोलीच्या यादीत ती धोक्याची खूणच आहे. पाहणं बरोबर होतं. हाकेच्या अंतरावर जो माणूस होता, तो चुकीचा होता.

आणि माणसंच जागेवर नसतील तर? दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जळगावकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कोयता उचलला की तान्हं बाळही बैलगाडीतून फडाकडे. घरची आशा तिच्या वहीत ‘स्थलांतरित’ लिहिते. जिथे कोपी, म्हणजे टोळीची झोपडी, पडली तिथल्या आशाच्या यादीत हे बाळ नसतंच. स्थलांतरितांचा माग ठेवण्यासाठी राज्याने संगणकीय व्यवस्था केली आहे. ती फडापर्यंत किती पोहोचते, हे तिथल्या अंगणवाडीतल्या सेविकेच्या उरकावर ठरतं. माता-बाल संरक्षण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहतं. एप्रिलमध्ये टोळी परतते, बाळ पुन्हा काट्यावर चढतं, सेविका तक्त्यावर ठिपका काढते. मागचा ठिपका ऑक्टोबरचा असतो. मधल्या सहा महिन्यांत काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं, पण तक्ता रिकामा दिसू नये म्हणून ती पट्टी घेते आणि दोन्ही ठिपके सरळ रेघेने जोडून टाकते.